मुखवटा घातलेल्या माणसाचं पोर्ट्रेट: माणूस फोटोत येतच नाही

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. मी नाशकात लग्नाचे फोटो काढतो. आईचे मामा पेठ तालुक्यात राहतात, तिथल्या बोहाड्यात (मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव) त्राटिका राक्षसिणीचं सोंग त्यांच्या घराकडे आहे. रात्रीचे, टेंभ्यांच्या उजेडातले फोटो बरेच आहेत. आता दिवसा, त्यांच्या अंगणात, मुखवटा घालून नीट पोर्ट्रेट करायचंय. मामाआजोबा हौशी, लगेच लुगडं नेसून तयार!

पण कॅमेऱ्याचा आय-फोकस (आपोआप डोळे शोधून फोकस धरणारी सोय) कधी रंगवलेल्या डोळ्यांवर बसतो, कधी मागे उभ्या नातवावर. कपाळावर ऑइलपेंटची चकाकी येते. आणि खरं दुखणं हे की फोटो बघितला तर मुखवटा विकायला ठेवलाय असं वाटतं, आजोबा कुठेच नाहीत. लेन्स ८५ एमएम १.८, एक फ्लॅश, पांढरी छत्री. काय करू?

क्लिकवेडा_सिडको:
पोर्ट्रेट म्हणजे डोळे. खालून रिफ्लेक्टर धर, भोकांतून डोळे चमकले की झालं काम.

मखमलाबादकर:
करून पाहिलं. पण ते डोळ्यांच्या भोकांतून बघतच नाहीत हो, तोंडाच्या फटीतून बघतात. मुखवटा कपाळावर उंच बांधलेला असतो.

जुनी_डार्करूम:
मग डोळ्यांचा नाद सोड. मी मेन रोडच्या एका स्टुडिओत हयात घालवली, "मान थोडी डावीकडे" म्हणत. त्या अनुभवावरून सांगतो.

तांत्रिक भाग आधी उरकू. आय-फोकस बंद, एकच फोकस पॉइंट, तो मुखवट्याच्या डोळ्याच्या कडेवर. मुखवटा चेहऱ्यापेक्षा खोल असतो, १.८ एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरवर नाक स्पष्ट मिळेल, कान धूसर जाईल. ५.६ किंवा ८ वर ये. ऑइलपेंटची चकाकी पोलरायझरने (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) बरीच मरते, पण कॅमेरा त्या पृष्ठभागाकडे तिरका बघत असेल तरच. मुकुटाला धातूचा पत्रा असेल तर तिथे पोलरायझरचं काही चालत नाही. फ्लॅश पिशवीत ठेव आणि आजोबांना पडवीच्या कडेला, सावलीत, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं कर. एवढा मोठा मऊ उजेड तुझ्या छत्रीतून यायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. तू छातीपर्यंतच फ्रेम धरलीस ना? मुखवट्याचा क्लोजअप काढला तर मुखवट्याचाच फोटो येणार, त्यात आजोबांनी काय करावं? मागे सर. मनगट, पंजे, मानेचा बाक, पाय रोवण्याची तऱ्हा येऊ दे. चेहरा झाकला की बघणाऱ्याची नजर आपोआप हातांवर जाते. त्राटिकेच्या बांगड्या आणि भातशेतीत राबलेला पंजा एका चौकटीत आला की कोण उभंय ते सांगावं लागत नाही.

अमेरिकेत राल्फ यूजीन मीटयार्ड (१९२५–१९७२) नावाचा चष्मे करणारा माणूस होता. बाजारातले स्वस्तातले भेसूर मुखवटे बायकोपोरांना घालायला लावून फोटो काढायचा. मुखवटा भेसूर, पण खालचे खांदे घरच्या माणसाचे, कंटाळलेल्या पोराचे. सगळी गंमत तिथे आहे.

आणि लांब कशाला जायचं? त्र्यंबक-मोखाडा रस्त्याने जव्हार आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. तिथले सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून त्यांच्याबरोबर आणि गावकऱ्यांबरोबर काम केलं. देवादिकांचे मुखवटे बाजूला ठेवून रोजच्या माणसांचे, जनावरांचे, वस्तूंचे मुखवटे नव्याने करून घेतले, आणि ते घालून लोक आपापल्या घरात, दुकानात बसलेत. २०१७ ला डॉक्युमेंटा १४ या मोठ्या कलाप्रदर्शनात आणि २०१८ ला न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंग्रहालयात ते फोटो लागले. बघ, जवळजवळ प्रत्येक फोटोत भोवतालची जागा आहे. भिंत, खाट, भांडी. तू मात्र १.८ लावून मागचं सगळं पुसून टाकतोयस. लग्नाची सवय, दुसरं काय!

अजून एक. जपानच्या नो नाटकात मुखवटा किंचित वर उचलला की चेहरा उजळतो, खाली झुकवला की खिन्न दिसतो. लाकूड तेच, फक्त सावल्या सरकतात. आजोबांना "वर बघा, खाली बघा" सांगत बसू नकोस. त्राटिकेची चाल चालायला सांग आणि मध्येच थांबव.

सुरगाण्याचा_पोऱ्या:
काकांचं पटलं. मखमलाबादकर भाऊ, एक सांगू का, मुखवटा पूजेचा असतो, हंगामाबाहेर काढायचा तर एकट्या आजोबांच्या हौसेवर जाऊ नका, गावातल्या जाणत्यांना विचारा. आणि बोहाड्याच्या रात्री फ्लॅश बिलकूल नको! बारीक फटीतून बघत माणूस संबळाच्या तालावर नाचतोय, समोर टेंभे. डोळे दिपले तर थेट पब्लिकमध्ये येईल.

क्लिकवेडा_सिडको:
रात्री ट्यूबलाइट असली तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, त्यापेक्षा वेगवान शटरला पट्टे येतात. (डोळ्यांचं मागे घेतो.)

मखमलाबादकर:
गावात विचारलं, हरकत नाही म्हणाले, नारळ फोडून घ्या फक्त. मुखवटा कागदी लगद्याचा आहे, मुकुट पत्र्याचा. आजोबांना खुर्चीवर बसवू का विचारलं तर म्हणाले, "त्राटिका खुर्चीवर बसंल का रे?"

जुनी_डार्करूम:
घे, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. उभंच राहू दे. ८५ घरी ठेव, ३५ असेल तर ती ने, पण फार जवळ जाऊ नकोस, नाहीतर मुखवटा उगाच फुगेल आणि पाय काडीएवढे दिसतील. मुकुटाचा पत्रा चमकत असेल तर आजोबांनाच थोडं वळव. मुखवटा काढून घाम पुसतील तेव्हाचाही एक घे, त्यांना विचारून.