गोर्बाचेव्ह यांचा हिशेब कोणी करायचा, घरच्यांनी की बाहेरच्यांनी?

कृष्णाकाठ (सांगली) :

गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक उपसताना आठवीतली भूगोलाची वही सापडली. त्या काळी आमच्याकडे रद्दीच्या दुकानात सोव्हिएत मासिकांचे गुळगुळीत रंगीत कागद मिळत आणि वह्यापुस्तकांना कव्हर घालायला त्यांच्याइतके टिकाऊ दुसरे काही नसे. या कव्हरवर सोव्हिएत संघाचे शेवटचे सर्वोच्च नेते मिखाईल गोर्बाचेव्ह आणि राजीव गांधी शेजारी शेजारी उभे आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये दोघांनी दिल्लीत अण्वस्त्रमुक्त, अहिंसक जगाचा जाहीरनामा काढला, तेव्हाचे ते छायाचित्र आहे. मी ते रशियात डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याला पाठवले आणि त्याने वसतिगृहाच्या दारात बसणाऱ्या आजीबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला, मग तो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या आईचे पासबुक याने खाल्ले."

बाहेरचे जग या माणसाकडे फार वेगळ्या नजरेने पाहते. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला आणि त्यानुसार दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून शेवटचे सोव्हिएत सैन्य परतले. १९९० चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. याच माणसाने १९९६ मध्ये रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, तेव्हा त्याच्या पदरात जेमतेम अर्धा टक्का मते पडली. ३० ऑगस्ट २०२२ ला ते वारले. पुतिन अंत्यविधीला गेले नाहीत आणि राष्ट्रीय दुखवटाही जाहीर झाला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणून घरच्यांचा निकाल जड धरला पाहिजे. जानेवारी १९९१ मध्ये एका रात्री दूरचित्रवाणीवरून जाहीर झाले की पन्नास आणि शंभर रूबलच्या नोटा बाद झाल्या आहेत, बदलून घ्यायला तीन दिवस आहेत, माणशी मर्यादा हजार रूबलची आहे, आणि बचत खात्यातून महिन्याला पाचशेहून अधिक काढता येणार नाहीत. त्या हुकमावर सही गोर्बाचेव्ह यांची होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये बँकेच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्यापैकी कोणाला त्या तीन दिवसांचे वर्णन करून सांगायला नको. जर्मनीला एकीकरण मिळाले, अमेरिकेला शीतयुद्धातला विजय मिळाला, पण त्याचे मोल त्यांनी मोजले नाही.

वाईकर (वाई, जि. सातारा) :

सर, आपल्याविषयी आदर राखून विरोध नोंदवतो. सोव्हिएत सैन्याच्या माघारीसाठी आणि परतणाऱ्या सैनिकांच्या घरांसाठी जर्मनीने १९९० मध्ये बारा अब्ज मार्क मान्य केले आणि वर तीन अब्जांचे बिनव्याजी कर्ज दिले, तेव्हा मोल मोजले नाही हे विधान बरोबर नाही.

माझा खरा मुद्दा मात्र पैशाचा नाही. नोकरीनिमित्त मी सहा वर्षे लाइपझिगला होतो, हे शहर पूर्वी पूर्व जर्मनीत होते. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसे कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे जोडपे त्या मोर्चात होते. निघण्यापूर्वी त्यांनी मुलीला शेजारणीकडे ठेवले आणि तिच्या फ्रॉकच्या खिशात आजीचा पत्ता लिहून घातला, कारण आपण दोघे परत येऊच याची त्यांना खात्री नव्हती. ही भीती उगाच नव्हती. १९५३ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये, १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये आणि १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे आले होते, आणि १९८९ मध्येही पूर्व जर्मनीत तीन लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक तळ देऊन होते. ते बराकीतून बाहेर पडले नाहीत. एखाद्या राज्यकर्त्याने काय केले हे मोजता येते, पण हाताशी असलेले बळ त्याने वापरले नाही, याची नोंद कोणत्या वहीत करायची?

राहिला प्रश्न पासबुकाचा. नोटा बाद केल्या हे खरे, परंतु आयुष्यभराची बचत मातीमोल झाली ती भाव मोकळे सोडल्यावर, म्हणजे त्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवल्यावर, आणि ते झाले २ जानेवारी १९९२ ला, रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या राजवटीत. त्या वर्षी रशियात भाव सुमारे अडीच हजार टक्क्यांनी वाढले. गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला २५ डिसेंबर १९९१ ला. आठ दिवसांच्या फरकाने ते पासबुक भलत्याच माणसाच्या नावावर लागले आहे.

मांडवाखालचा (तासगाव) :

आठ दिवसांचा हिशेब वकिली वाटतो. घर पोखरून ठेवणारा कोसळण्याच्या आदल्या आठवड्यात निघून गेला, म्हणून तो सुटत नाही.

मी द्राक्षबागायतदार आहे, त्यामुळे माझा राग निराळ्या गोष्टीवर आहे. मे १९८५ मध्ये, म्हणजे सत्तेवर येऊन दोनच महिने झाले असताना, गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. वोडकाचे कारखाने कमी केले, दुकानांच्या वेळा आखडल्या, इथवर समजू शकतो. पण त्या भरात मोल्दाव्हिया आणि क्राइमियातल्या द्राक्षबागा उपटल्या गेल्या. बाग उपटणे म्हणजे काय हे ज्याने रोप लावून, मांडव घालून, तारा ओढून, खरड छाटणी आणि फळछाटणीची गणिते सांभाळून पहिल्या मालाची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. कायदा बदलला की दुकान दुसऱ्या दिवशी उघडते. वेल तसा उगवत नाही.

पुढे जे झाले ते आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. वोडका मिळेना तेव्हा लोक घरोघरी हातभट्टी लावू लागले आणि साखर दुकानांतून गायब झाली, ती इतकी की १९८८ पर्यंत अनेक शहरांत साखरेला शिधापत्रिका लागली. आपल्याकडे भट्टीला काळा गूळ जातो, तिकडे साखर गेली, एवढाच फरक. दारूवरच्या कराचा मोठा महसूल बुडाला तो वेगळाच. लोक पक्षाच्या 'जनरल सेक्रेटरी'ला 'मिनरल सेक्रेटरी' म्हणू लागले, कारण जेवणावळीतही मिनरल वॉटर आले होते. बाहेरच्या कौतुकात या प्रकरणाला एक ओळसुद्धा मिळत नाही.

माहेरवाशीण (कोरेगाव, जि. सातारा) :

दादा, बागांचे दुःख मान्य आहे, पण त्या मोहिमेचा दुसरा आकडा आपण सांगितला नाही. १९८४ ते १९८७ या काळात रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढले, आणि मोहीम ढिली पडल्यावर ते पुन्हा घसरले. तीन वर्षांत तीन वर्षे! आमच्या जिल्ह्यात गावोगावच्या बायकांनी उभ्या आणि आडव्या बाटलीच्या मतदानासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. त्यातल्या एका गावात मी सह्या गोळा करत फिरले. मतदानाच्या दिवशी सकाळी पुरुष मंडळी पारावर बसून हेच म्हणत होती, की महसूल बुडेल आणि भट्ट्या वाढतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे ठरले असे नाही, भट्टी एक निघाली. तरी त्या घराघरांतल्या बायकांना विचारा.

म्हणून 'घरच्यांचे मत' हा शब्द मला खटकतो. घरात वोडकाच्या रांगेत उभा असलेला नवरा असतो आणि त्याची वाट पाहणारी बायकोही असते. विनोद रांगेत तयार झाले आणि तेच आपल्यापर्यंत पोहोचले.

पन्हाळी (सांगली) :

१९९७ मध्ये याच गोर्बाचेव्ह यांनी पिझ्झा हटच्या जाहिरातीत काम केले होते. तिच्यात एक प्रौढ गृहस्थ त्यांना अनागोंदीबद्दल दोष देतो, तरुण स्वातंत्र्याचे गोडवे गातो, आणि शेवटी एक म्हातारी म्हणते की यांच्यामुळेच आपल्याला पिझ्झा मिळाला. ही जाहिरात रशियात दाखवलीच गेली नाही. माझ्या मते आपला वाद तिथेच मिटतो.

मिरजमळा (मिरज) :

मिटत नाही. सगळेच 'घर' हा शब्द मॉस्कोच्या अर्थाने वापरत आहेत. वाईकरांना विचारतो, सैन्य बराकीत राहिले ते लाइपझिगमध्ये. एप्रिल १९८९ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत, जानेवारी १९९० मध्ये अझरबैजानातल्या बाकूमध्ये आणि १३ जानेवारी १९९१ च्या रात्री लिथुआनियातल्या व्हिल्नियसमध्ये ते कुठे होते? व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी निःशस्त्र जमावावर रणगाडे घातले गेले आणि चौदा माणसे मेली. हुकूम आपण दिला नव्हता, असे गोर्बाचेव्ह सांगत राहिले. लिथुआनिया तेव्हा त्यांच्या नकाशावर घरच होते, आज ते परदेश आहे, आणि तिथल्या लोकांचा राग रशियन पेन्शनरांच्या रागाच्या नेमका उलटा आहे. मॉस्कोतला म्हणतो की त्याने आमचे घर मोडू दिले, व्हिल्नियसमधला म्हणतो की तो आम्हाला घराबाहेर पडू देत नव्हता. मार्च १९९१ च्या सार्वमतात संघ टिकवण्याच्या बाजूने पाऊणशे टक्क्यांहून अधिक मते पडली, पण पंधरापैकी सहा प्रजासत्ताकांच्या सरकारांनी ते मतदान घेतलेच नाही.

वारणेचा (वाळवा तालुका) :

तसेच 'बाहेर' म्हणजे केवळ बर्लिन आणि वॉशिंग्टन नव्हे. आमच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे खासदार होते. ज्या घरांत त्यांचे फोटो होते, त्या घरांत २५ डिसेंबर १९९१ ला, लाल झेंडा उतरला त्या रात्री, कोणी नोबेलचे कौतुक केले नाही. माझे वडील रेडिओ बंद करून गोठ्यात जाऊन बसले. भारताचा रुपया-रूबल व्यापार कोलमडला. अग्निबाणाच्या क्रायोजेनिक इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा जानेवारी १९९१ मधला करार १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली मोडला. आम्हीही बाहेरचेच, आणि आमचे मत आजीबाईंच्या जवळ जाते.

कृष्णाकाठ (सांगली) :

मिरजमळा यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. 'घरच्यांचा निकाल' असे एकवचनात लिहिणे ही माझी चूक होती. पासबुकाबाबत मात्र मी वाईकरांचा आठ दिवसांचा हिशेब जसाच्या तसा भाच्याला कळवला आणि आजीबाईंना विचारायला सांगितले, की भाव तर येल्त्सिनने सोडले, मग राग याच्यावर का. त्याचे उत्तर काल रात्री आले. आजीबाई म्हणाल्या, "येल्त्सिन दारुडा होता, त्याला काय कळायचे. याला सगळे कळत होते."

वाईकर, हे उत्तर आपल्या बाजूचे की माझ्या, ते मला अजून ठरवता आलेले नाही.