बी-१२ चं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घ्यायला शिकावं का?

रानवारा
ज्यांना बी-१२ जन्मभर टोचून घ्यावंच लागणार आहे, त्यांना ते घरी घ्यायला रीतसर शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे जठरात इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषून घ्यायला लागणारं प्रथिन) तयारच होत नाही असे लोक, किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेले. दर महिन्याला एका ॲम्प्यूलसाठी, म्हणजे औषधाच्या काचेच्या बंद कुपीसाठी, अर्धा दिवस रजा टाकायची आणि दवाखान्यात ताटकळायचं, हे किती वर्षं चालणार? मधुमेही इन्सुलिन रोज घरीच टोचून घेतात ना?

कृती हाताला बसते. २ मिलीची सिरिंज, द्रव ओढायला हिरव्या बुडाची २१ गेजची सुई, टोचायला निळ्या बुडाची २३ गेजची, एक इंची. हात साबणाने धुवून कोरडे करा. ॲम्प्यूलच्या मानेत लाल द्रव अडकलेला असतो, तो टिचक्या मारून खाली आणा. मानेवरचा ठिपका आपल्याकडे येईल असं धरा, वरचा भाग कापसात पकडा, अंगठा ठिपक्यावर ठेवून मागे दाबा. मान सरळ तुटते. जोर भलतीकडे लागला तर काच चुरडते आणि बोट कापतं. ती ॲम्प्यूल फेकूनच द्यायची. द्रव ओढल्यावर सुई बदला, कारण पहिलीला काचेचा बारीक कण चिकटलेला असू शकतो आणि काचेवर घासून तिची धारही बोथट होते.

जागा मांडीची बाहेरची बाजू. खुब्याच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत तीन भाग कल्पा, त्यातला मधला. खुर्चीत बसून पाय सैल सोडा. स्पिरिट ३० सेकंद वाळू द्या, ओल्यावर टोचलं की चरचरतं. सुई काटकोनात, एका दमात आत. भीत भीत हळू घातली की जास्त दुखते. औषध मात्र सावकाश, १ मिलीला दहा सेकंद. सुई काढल्यावर कापूस दाबून धरा, चोळू नका. पुढच्या वेळी दुसरी मांडी.

सिस्टर_माई
कृती बरोबर लिहिली आहे. इन्सुलिनची तुलना मात्र पटत नाही. ती सुई ४ ते ८ मिलिमीटरची, चरबीत जाते. ही २५ मिलिमीटरची, स्नायूत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्नायूत रक्त साकळतं, आणि वरून नुसता निळा डाग दिसतो.

पण माझा खरा विरोध ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे अचानक उसळणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीसाठी आहे. विरळा येतो, पण आला की मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. त्या वेळी मोठ्या माणसाला ॲड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं. ते तुमच्या फ्रीजच्या दारात नसतं. शिवाय आपल्याकडे ‘बी-१२’ म्हणून आणलेल्या कित्येक ॲम्प्यूलमध्ये बी-१ आणि बी-६ सुद्धा असतं, आणि बी-१ च्या इंजेक्शनाने तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

रानवारा
माई, पहिले डोस दवाखान्यात आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं, हे मला पूर्ण मान्य आहे. घरी घ्यायचं ते फक्त ज्याला आधी काही झालेलं नाही त्याने, आणि तेही निव्वळ बी-१२.

सिस्टर_माई
आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं. आणि तुम्ही मांडी लिहिलीत, लोक कमरेलाच टोचणार, कारण लहानपणापासून तेच पाहिलंय. स्वतःच्या पाठीमागे वळून टोचताना जागा चुकली तर सुई सायटिक नसेला, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला, लागू शकते, पाऊल लुळं पडतं. हे धाग्याच्या सुरुवातीलाच ठळक लिहायला हवं होतं.

खडीसाखर
दोघंही सुईवर भांडताय, पण निम्म्याहून अधिक वाचकांनी आधी विचारावं की मला सुई हवीच का. नुसता शाकाहार हेच कारण असेल तर १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी बहुतेकांना पुरते. इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसतानाही त्यातला साधारण १ टक्का आतड्यातून आपोआप झिरपतो. म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन-अडीचची. त्यामुळे रानवारांच्या यादीतल्या लोकांनीसुद्धा एकदा डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलावं.

तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा असेल तर मात्र गोळीचे प्रयोग करत बसू नका, सुरुवात इंजेक्शनानेच व्हायला हवी. रक्त तपासायला पहिल्या डोसआधीच द्या. एकदा टोचलं की पातळी वर जाते आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही. कारणही शोधा: मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, की जठराचा आजार. फक्त फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी तशीच चालू राहते.

रानवारा
रोज गोळी विसरणारी माणसं महिन्याचं इंजेक्शन विसरत नाहीत, हाही हिशेब धरा. बाकी मान्य.

औषधाचं_कपाट
लेबलचं कुणी बोललंच नाही. मिथाइलकोबालामिन हा बी-१२ चा प्रकार उजेडात झपाट्याने बिघडतो, म्हणून काच तपकिरी असते. सिरिंज भरून खिडकीशी ठेवून द्यायची नाही. ५०० आणि १५०० मायक्रोग्रॅमच्या ॲम्प्यूल दिसायला सारख्या असतात, आकडा मोठ्याने वाचा. सायनोकोबालामिन हा बी-१२ चा दुसरा प्रकार त्वचेखालीही देता येतो, त्यासाठी अर्ध्या इंचाची बारीक सुई चालते, हात थरथरणाऱ्यांना ते सोपं जातं. पण लेबलवर ‘फक्त स्नायूत’ असेल तर तसंच. शिरेत तर घरी कुणीच, कधीच नाही.

आणि हात बसला म्हणून त्याच हिमतीवर ड जीवनसत्त्वाचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन घरी घेऊ नका, याबद्दल मी हटून बसणार. बी-१२ जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. ड चरबीत साठतं. थकवा जाईना म्हणून लागोपाठ दोन-तीन घेतली की रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग मूत्रपिंडाला इजा. आणि ते उतरायला महिने लागतात.

वेचक
वापरलेली सुई कुठे टाकता? पुण्यात कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका हाताने वेगळा करतात. डायपरखाली दडलेली सुई थेट बोटात जाते, मग हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या तपासण्या आणि जिवाला घोर. २०१६ च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्या-सुक्यात नाही. कपड्याच्या लिक्विडचा जाड डबा घ्या, वर लाल अक्षरांत ‘सुया’ लिहा, पाऊण भरला की झाकण चिकटवून जवळच्या दवाखान्याला किंवा लॅबला विचारून द्या. टोपण परत लावू नका, बोट टोचतं ते तिथेच.

सिस्टर_माई
वेचक, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. रानवारा, डबा घरात येईपर्यंत सिरिंज आणू नये, एवढं तरी वर जोडा. एकट्याने राहणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: घरात दुसरं माणूस नसेल त्या दिवशी टोचायचं नाही.

रानवारा
दोन्ही जोडतो. कमरेचंही ठळक करतो.