आईच्या सीटीत अचानक गाठ दिसली : छडा लावायचा की थांबायचं?

मुठाकाठी : आई ६८ वर्षांची, कोथरूडला आमच्याकडेच असते. मूतखड्यासाठी सीटी काढला. खडा पडूनही गेला. पण रिपोर्टच्या तळाला एक ओळ : डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली, हार्मोन सोडणारी) २.३ सेंमीची गाठ, 'क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे लक्षणांशी ताडून बघा. एक डॉक्टर म्हणाले वर्षाने बघू, दुसऱ्यांनी पेट स्कॅन लिहून दिला. बहीण म्हणते, सुई घालून तुकडा काढा आणि मोकळे व्हा. माझंही मत तेच. गाठीचं नाव कळल्याशिवाय झोप कशी लागायची?

शनिपारकर : थांबा. वडिलांच्या छातीत असाच एक डाग दिसला होता. सुई घातली, फुप्फुसाला भोक पडलं, पाच दिवस नळी. निघालं काय, तर टीबीचा जुना व्रण. दक्षिण कोरियात ऊठसूट गळ्याची सोनोग्राफी करत सुटले, तर १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचा आकडा पंधरापट झाला. मृत्यू होते तेवढेच राहिले. शोधलं की सापडतंच.

टिळकरोडची_सून : कोरिया राहू द्या कोरियात. सासूबाईंचं बीपी तीन गोळ्यांनी हलत नव्हतं, पोटॅशियम सारखं कमी. सहा वर्षं 'वय झालं आता' ऐकलं. गाठ रिपोर्टात होती, कुणी ढुंकून पाहिलं नाही. ती अ‍ॅल्डोस्टेरॉन सोडत होती, बीपी चढवणारं हार्मोन. ऑपरेशननंतर एका गोळीवर आल्या. 'थांबा' सांगायला काय जातंय?

काळी_फिल्म : वीस वर्षं स्कॅन सेंटरच्या अंधाऱ्या खोलीत गेली, म्हणून बोलतो. खड्याचा सीटी बहुधा कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून औषध न सोडता) असतो. म्हणजे गाठीची घनता त्याच सीडीवर मोजता येते, नवा स्कॅन नको. रेडिओलॉजिस्टना विचारा, 'हाउन्सफील्ड किती?' घनतेचा आकडा तो. गाठ एकसारखी आणि आकडा १० किंवा खाली असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ, पुन्हा स्कॅनचीही गरज नाही. रक्त मात्र तपासाच : रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिग्रॅ गोळी, सकाळी ८ ला रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन. गोळीने ते दबायला हवं, दबलं नाही तर गाठ ते सोडत असू शकते. बीपी असेल तर अ‍ॅल्डोस्टेरॉन आणि त्याला चालना देणारं रेनिनही. त्याआधी बीपीच्या कुठल्या गोळ्या बदलायच्या ते डॉक्टर सांगतील. हाउन्सफील्ड १० च्या वर गेलं तर मेटानेफ्रिन, त्यातून गाठ अॅड्रिनॅलिन सोडतेय का ते कळतं.

आणि बहिणीला आधी आवरा. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे तीच अॅड्रिनॅलिन सोडणारी गाठ, नाही हे ठरल्याशिवाय तिथे सुई घालायची नसते. बीपी असं उसळतं की माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

पेटमध्ये कॅन्सरसारखा टीबीही उजळतो. शनिपारकरांच्या वडिलांचा डागही कदाचित चमकला असता, मग घाबरा आणखी.

शनिपारकर : म्हणजे माझंच खरं. नसते उद्योग नकोत.

टिळकरोडची_सून : तुमचं कसं? रक्त तपासा म्हणतायत ते, घरी बसा नाही. वर्षभर थांबून हार्मोन कळतं का?

शनिपारकर : सुईला तर मीच नाही म्हटलं होतं ना! रक्ताचं ठीक आहे, मान्य. पण त्यात काही निघालं नाही तरी हे गृहस्थ चौथा डॉक्टर गाठणार, लिहून ठेवा.

काळी_फिल्म : वाद घाला, पण जुना स्कॅन असेल तर तो शोधा. पाच-सहा वर्षांपूर्वी गाठ होती तेवढीच असेल, तर त्याहून चांगली बातमी कुठलीच तपासणी देणार नाही. लोक नव्या तपासणीला पैसे मोजतात आणि जुनी फिल्म रद्दीत घालतात.

मुठाकाठी : सेंटरला फोन केला. 'रिपोर्ट दिलाय ना?' झालं, मग सीडी उघडून सांगितलं : एकसारखी, आकडा ६. लेखी पुरवणी उद्या मिळेल. सुई रद्द, पेटही. रक्त परवा.

२०१९ च्या खड्याची फिल्म माळ्यावर सापडली, गॅस बुकाच्या पिशवीत. ट्यूबलाइटपुढे धरून बघतोय. डावीकडे काहीतरी आहे असं वाटतंय, पण डावी बाजू कुठली यावरच आमच्या घरात दोन मतं पडली आहेत. उद्या दोन्ही घेऊन जातो. आईचा एकच प्रश्न, बीपीची रात्रीची गोळी आज घ्यायची ना?

काळी_फिल्म : घ्यायचीच. डॉक्टर सांगेपर्यंत एकही बंद करू नका. आणि फिल्मवर आपल्या उजव्या हाताला असते ती आईची डावी.