पैठणच्या जुन्या गावातले वाडे: राखायचे की पाडून बांधायचे?

गोदाकाठ
नाथषष्ठीच्या यात्रेला गावी गेलो होतो. आतल्या नाथ मंदिराकडे चढताना गल्लीतला आणखी एक वाडा गेलेला दिसला. सागवानी खांब, कोरीव तुळया, दिंडी दरवाजाची चौकट, सगळं ट्रॅक्टरात भरलेलं. दगडी जोतं तेवढं उघडं पडलं होतं. पोटात कालवलं.

पैठण म्हटलं की लोकांना पैठणी आणि जायकवाडी आठवते. पण ही सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. इथून गाड्या भरून सुलेमानी दगड भडोचला जायचे, वाट वीस दिवसांची, अशी पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याची नोंद आहे. नागघाटाजवळच्या खोदकामात विटांची प्राचीन मंदिरं निघाली. जुनं गाव पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, थरावर थर चढत बसलंय. वाडे हा त्यातला सगळ्यात वरचा थर, आणि तोच आपण खरवडून टाकतोय. नगररचनेच्या 1966 च्या कायद्याखाली वारसा यादी करता येते. जुन्या गावठाणाची यादी व्हावी आणि परवानगीशिवाय एकही वाडा पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

वरची_गल्ली
दादा, तुम्ही षष्ठीला येता, आम्ही मृगालाही तिथंच असतो. पहिला पाऊस आला की रात्रभर घमेली-पातेली मांडायची. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दरसाल पांढरी माती टाकायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आमच्या वाड्याला सात हिस्सेदार. तिघं पुण्यात, त्यातला एकही रुपया देत नाही. जिना भिंतीतला, अंधारा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. त्या जिन्यावरून आई पडली, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता यादी करून तुम्ही माझे हात बांधणार, आणि दुरुस्तीचे पैसे कोण देणार ते कुठंच लिहिलेलं नाही.

आणि किल्लारीचा भूकंप विसरलात का? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखालीच गेली. माझी लेकरं मला स्लॅबखाली झोपवायची आहेत.

चुना_आणि_सागवान
वाडे दुरुस्त करणं हाच माझा धंदा, म्हणून थोडं लांबण लावतो. ताई, किल्लारीचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. तिथं मारलं ते जाड, सांधा न धरलेल्या भिंतींनी आणि वर्षानुवर्षं थर चढून फुटाफुटानं जाड झालेल्या मातीनं. अनेक घरांत भिंती पडल्या, पण लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले. उपाय माहितीतले आहेत: वरची फालतू माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड घालायचे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे.

गळतीचं कारण बहुतेक वेळा आपणच करून ठेवतो. माती नको म्हणून वर सिमेंटचा कोबा ओततात. तो उन्हानं तडकतो, पाणी आत जातं आणि तिथंच राहतं. मागच्या पावसाळ्यानंतर एका वाड्यात तुळईचं भिंतीतलं टोक उघडलं. वरून सागवान लोखंडासारखं टणक, आत बोट घातलं तर ओल्या भुशासारखं निघालं. बाहेरून त्या भिंतीला चांगलं गुळगुळीत सिमेंट प्लास्टर होतं. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, हिनं ती कोंडून धरली होती.

दिंडीवाला
मला रस्त्याचं बोलायचंय. षष्ठीला त्या बोळांत माणूस माणसाला चिकटून चालतो. कुणाला चक्कर आली तर ॲम्ब्युलन्स आत येत नाही. चार ओटे मागे सरकले तर वारसा बुडत नाही. वारसा माणसांनी चालतो. नाथांच्या घरी श्रीखंड्यानं ज्यात पाणी भरलं तो रांजण आजही तुकाराम बीजेपासून भरतात, म्हणून तो जिवंत आहे.

गोदाकाठ
दिंडीवाले भाऊ, ओटा आज चार फूट गेला की पुढच्या वर्षी ओसरी जाते, हे मी दोन गल्ल्यांत पाहिलंय. ॲम्ब्युलन्स षष्ठीपुरती नदीकडच्या बाजूला उभी ठेवा, आत स्ट्रेचर न्या. बोळ रुंद करून गर्दी कमी होणार नाही.

ताई, तुमच्याशी मात्र मला वाद घालता येत नाही. आईंचं वाचून मी गप्प बसलो. परवानगीची अट आधी आणि पैसा नंतर, हे मी उलटं मांडलं. घरपट्टी माफ, माळवदाच्या दुरुस्तीला अनुदान, आत न्हाणीघर आणि नवा जिना करायची मोकळीक, हे आधी मिळायला हवं. पाडायची मनाई त्यानंतर. पण मनाई हवीच, त्यावरून मी हटत नाही.

वरची_गल्ली
अनुदान हातात पडेल तेव्हा मनाईचं बोलू. तोवर माझं मत पाडायचंच. चुनावाले भाऊ, आमच्या माळवदावर तुम्ही म्हणता तसा कोबाच आहे, सासऱ्यांनी टाकलेला. देवघरावरची तुळई गेल्या वर्षीपासून मधोमध वाकलीय. पाडायच्या आधी एकदा बघून जाल का? मृगाच्या आत या.

चुना_आणि_सागवान
रविवारी येतो. तोवर त्या तुळईखाली एक बल्ली लावून घ्या आणि देवघरात कुणाला झोपवू नका.