सादाकोला संगणकात कोंबायची काय गरज होती?

कातरवेळ

(रहस्यभेद आहे. 'रिंग'च्या तिन्ही कादंबऱ्या वाचायच्या असतील तर इथूनच मागे फिरा.)

जपानी लेखक कोजी सुझुकींची 'रिंग' १९९१ची, 'स्पायरल' १९९५ची आणि त्रयी संपवणारी 'लूप' १९९८ची. मुळाशी एक शापित चित्रफीत: ती पाहिली की सात दिवसांत मरण, आणि तिच्यामागे विहिरीत मारून टाकलेली सादाको. इंग्रजी अनुवादातून तिन्ही ओळीने वाचल्या. पहिल्या दोनांनी झोप उडवली, तिसरीने चिडचिड.

'लूप'मध्ये काय कळतं? आधीच्या दोन भागांतलं सगळं जगच संगणकातलं! इझू ओशिमा बेट, मिहारा ज्वालामुखी, चित्रफीत सापडते ती केबिन, सगळं एका प्रयोगशाळेने घडवलेल्या कृत्रिम सृष्टीत घडलं. आता 'रिंग'मधला तो प्रसंग आठवा. पत्रकार असाकावा आणि त्याचा मित्र र्‍यूजी केबिनच्या खाली सरपटत शिरतात, विहिरीवरचं झाकण हटवतात आणि बादल्यांनी पाणी उपसत राहतात. हातांतलं त्राण संपतं, असाकावाची सात दिवसांची मुदत संपत आलेली असते, आणि तळाच्या गाळात हाताला कवटी लागते. ती भीती त्या जागेची होती, त्या ओल्या अंधाराची होती. ती सगळी आकडेमोड होती म्हटल्यावर मी घाबरले ते कशाला?

वर 'लूप'मध्ये सादाको जवळजवळ नाहीच. जिच्यासाठी दोन पुस्तकं वाचली, तीच गायब.

बायोवाला

साफ असहमत. 'लूप'ची बीजं पहिल्याच पुस्तकात आहेत. सादाकोवर बलात्कार करून तिला विहिरीत ढकलणारा डॉक्टर नागाओ हा जपानमधला देवीचा शेवटचा रुग्ण असतो. तिचा द्वेष आणि त्याचा विषाणू, दोन्ही मिळून ती चित्रफीत तयार होते. असाकावाला वाटतं, अस्थी बाहेर काढल्या, नातेवाइकांच्या स्वाधीन केल्या की आत्म्याला मुक्ती. हा जुन्या भूतकथांचा नियम. पण दुसऱ्याच दिवशी र्‍यूजी मरतो आणि सुझुकी तो नियमच मोडीत काढतात. जीव वाचवायचा तर फितीची प्रत काढून दुसऱ्याला दाखवायची. यात शांतिपाठ नाही की मांत्रिक नाही. विषाणूला जे हवं असतं तेच हिला हवंय.

'स्पायरल'मध्ये शवविच्छेदन आहे, देवीसारखा विषाणू आहे, डीएनएच्या क्रमात दडवलेला सांकेतिक मजकूर आहे. पुढे असाकावाने लिहून ठेवलेली हकिकतच पुस्तक होऊन पसरते, म्हणजे विषाणूला आता फितीचीही गरज उरत नाही. ज्याचं सगळं बळ प्रती काढण्यात आहे, त्याचा माग काढत गेलात तर शेवटी माहितीशीच पोचणार ना?

टीव्हीतून बाहेर येणारी सादाको पुस्तकात नाहीच, ती दिग्दर्शक हिदेओ नाकातांच्या १९९८च्या चित्रपटातली. अनेकांची निराशा ती शोधत बसण्यातून येते.

कातरवेळ

चित्रपट बाजूला ठेवूनच लिहिलंय हो. आणि विषाणूला माझी हरकत नाही, विषाणूला निदान शरीर लागतं. 'स्पायरल'मधली र्‍यूजीची विद्यार्थिनी माई ताकानो, इमारतीच्या गच्चीवरच्या त्या खोल पोकळीत अडकलेली, तिथेच बाळंत होणारी, ती वाचताना माझ्या पोटात कालवलं. 'लूप'मध्ये माणसांपासून झाडांपर्यंत पसरणारा कर्करोग आहे. एवढं भयंकर हत्यार हाताशी असून अर्धं पुस्तक कोणीतरी नायकाला, काओरूला, काहीतरी समजावून सांगतंय!

तिरकस

+१. भूत संगणकात गेलं तरी चालेल, प्रोफेसरच्या तोंडी घालू नका. आपल्याकडे नारायण धारपांनी भयकथाही लिहिल्या आणि विज्ञानकथाही, पण भुताचा उलगडा तासभर फळ्यावर लिहून नाही दाखवला.

मध्यरात्रीचा चहा

तुम्ही दोघंही भूत की विज्ञान यातच अडकलाय. मला ही त्रयी बापांची वाटते.

असाकावा सगळी धडपड करतो ती बायको आणि तान्ह्या मुलीसाठी. त्यासाठी फितीची प्रत स्वतःच्या सासूसासऱ्यांना दाखवायलाही तयार होतो. 'स्पायरल'मध्ये कळतं की त्या दोघी तरीही गेल्या. मग आंदो, 'स्पायरल'मधला शवविच्छेदन करणारा डॉक्टर. त्याचा मुलगा समुद्रात बुडालेला. सादाको तो परत देऊ करते आणि हा माणूस अख्ख्या मानवजातीशी गद्दारी करून मुलगा घेतो. तो शेवट वाचून मी पुस्तक मिटवून नुसता बसलो होतो, कारण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत होतं.

'लूप' इथून उलट फिरते. दहा वर्षांचा काओरू रात्री वडिलांशी गप्पा मारतोय, गुरुत्वाकर्षण जिथे कमी भरतं त्या जागा आणि जिथे माणसं दीर्घायुषी आहेत ती गावं यांचा नकाशा ताडून बघतोय. वडील पोराचं बोलणं मोठ्या माणसासारखं ऐकून घेतात. हा प्रसंग काहींना कंटाळवाणा वाटतो, मला तो पुस्तकाचा पाया वाटतो. पुढे याच बापाला कर्करोग होतो, आणि काओरू स्वतःचं शरीर मोडून त्या कृत्रिम जगात जायला तयार होतो, बापासाठी आणि स्वतःच्या न जन्मलेल्या मुलासाठी. सुझुकी स्वतः घरी राहून मुलींना सांभाळत लिहायचे, ते उगीच नाही.

आजोळ

बाप तीन मोजलेत, आता बायका मोजा. सादाकोवर बलात्कार. माई म्हणजे सादाकोला पुन्हा जन्म घ्यायला लागलेलं गर्भाशय. 'लूप'मधली काओरूची प्रेयसी रेइको मुलगा गमावते, आणि गरोदर असताना काओरूही तिला सोडून जातो, थोर कार्यासाठी. तिन्ही पुस्तकांत बाई म्हणजे कोणाला तरी जन्म देण्याची सोय. तुमच्या त्या उदात्त शेवटाचा खर्च कोणी भरला, बघा जरा.

सादाको माणूस म्हणून भेटते ती १९९९च्या 'बर्थडे' या कथासंग्रहात. 'लेमन हार्ट' या कथेत ती नाटकमंडळीतली तरुण मुलगी आहे, प्रेमात पडलेली. 'लूप'ने सगळं मिटवलं होतं तर लेखकाला वर्षभरात तिच्याकडे परत का जावं लागलं?

मध्यरात्रीचा चहा

रेइकोबद्दल मान्य. पण आंदोला कोणी उदात्त ठरवलेलं नाही, पुस्तकानेही नाही.

बायोवाला

कातरवेळ, भीती नाही म्हणता, मग 'लूप'मधला र्‍यूजीचा फोन? मरणाच्या दारात त्याला कळतं की आपलं जग कोणीतरी घडवलंय, आणि तो थेट घडवणाऱ्यांना फोन लावतो. मला तुमच्या जगात घ्या म्हणतो. बाहेर माणसं पडद्यावर आतलं जग बघत बसलीत, आणि आतलाच एकजण त्यांच्याशी बोलायला लागतो. त्याची विनंती मान्य होते, आणि त्याच्याबरोबर विषाणूही बाहेर येतो. तोच पुढे कर्करोग. पडद्यातून बाहेर येणारं कोणी हवं होतं ना तुम्हा लोकांना?

कातरवेळ

फोन जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण किती पानं टिकतो तो? लगेच काओरूचा वाळवंटातला प्रवास आणि पुन्हा व्याख्यान. तो फोन पहिल्या प्रकरणात ठेवून, शास्त्रज्ञांच्या बाजूने सगळं पुस्तक लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

तिरकस

याच मालिकेत पुढे २०१२ला 'एस' आली, २०१३ला 'टाइड'. 'एस'मध्ये आंदोचा तो परत मिळालेला मुलगा मोठा होऊन संगणकावर चित्रं बनवायच्या धंद्यात आहे. सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका.