वडील गेले तेव्हा रडलो नाही, कुत्रा गेला आणि माग सुरू करवत नाही

पूर्वभागकर, सोलापूर

प्रश्न सरळच विचारतो. घरच्या माणसापेक्षा घरच्या जनावराचं दुःख जास्त झालं, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का? आणि झालं असेल तर घरच्यांना काय सांगितलंत?

आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, मागच्या खोलीत टॉवेलचे चार यंत्रमाग. वडील गेल्या वर्षी गेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते खाटेवरच होते. त्यांची कूस बदलणं, दाढी, गोळ्या, सगळं मी माझ्या हातानं केलं आणि मनापासून केलं. ते गेले तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं नाही. दाखला, गाडी, करीमनगरहून आलेल्या पाहुण्यांची झोपायची सोय, दहावा, तेरावा, यातच दिवस गेले. पाहुणे परतले आणि मी मागावर उभा राहिलो.

मागच्या महिन्यात सोन्या गेला. गल्लीतलंच पिल्लू, तांबूस, डावा कान दुमडलेला. म्हातारा झाला होता, मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी सलाईनवर ठेवून बघितलं, पण शेवटी त्याचाही उपयोग होईना. हिप्परग्याच्या बाजूला मित्राचं शेत आहे, तिथं पुरला. तेव्हापासून मला जेवण जात नाही. माग चालू करायला जातो, बटणाला हात लावतो आणि परत येऊन बसतो.

का, ते सांगतो. मागाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे, तिथं माणसाला माणसाशी बोलता येत नाही. सोन्या त्या खडखडाटात खराब निघालेल्या टॉवेलांच्या ढिगावर निवांत झोपायचा. पण धागा तुटून एखादा माग बंद पडला, की बाकीचे तिन्ही चालू असतानासुद्धा याचं डोकं वर व्हायचं. मी दुसऱ्या टोकाला सुताची कांडी बदलत असलो, तर हा उठून बंद पडलेल्या मागाजवळ जाऊन उभा राहायचा, मी येईपर्यंत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि पाण्याचा दिवस! आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, किती वाजता येईल याचा नेम नाही. पाण्याच्या आधी नळाला हवा येते, बारीक सूं करून. ती आम्हाला झोपेत ऐकू यायची नाही, त्याला यायची. रात्री दोन वाजतासुद्धा पायाचा अंगठा चाटून उठवायचा. गेल्या आठवड्यात पाणी येऊन गेलं तेव्हा आम्ही सगळे झोपलेलो. सकाळी बायकोनं कोरडी टाकी बघितली, काही बोलली नाही. मी मात्र मोरीत बसून हमसून हमसून रडलो.

आईनं ते बघितलं. एवढंच म्हणाली, "तुझ्या बापासाठी नाही आलं रे हे पाणी." शेजारचा दोस्त म्हणतो, "कुत्र्यासाठी रडलालास काय बे?" त्याचं मनाला लागलं नाही. आईचं लागलं. तिला काय सांगू?

मंगळवेढेकर

दादा, रडून घ्या. लोकांचं सोडा.

आमच्याकडं खिलार बैलांची जोडी होती, हौशा आणि पाखऱ्या. 2022 ला गुरांचा लम्पी रोग आला. पाखऱ्याच्या मानेवर आधी गाठी दिसल्या, मग ताप, मग पुढचे पाय सुजले. बसला की उठेना. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होते, ती आमच्या वस्तीवर पोचली तेव्हा त्याला लागण होऊन गेली होती. माश्या, डास, गोचीड यांच्यातनं पसरणारा रोग, म्हणून गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर केला, रात्ररात्र बसून राहिलो. नाही वाचला. जेसीबीनं खोल खड्डा काढला, चुना टाकला, पुरला. सरकारनं दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 अशी मदत ठरवली होती. पैशाला नावं ठेवत नाही, गरज होतीच. पण ज्याला मी बेंदराला, बैलांच्या सणाला, पुरणपोळी भरवून मगच स्वतः जेवायला बसायचो, त्याचा हिशोब असा कागदावर बघताना हात थरथरला.

हौशा कायम उजव्या बाजूला. पाखऱ्या गेल्यावर तो दावणीला डावीकडं मान वळवून उभा राहायचा. मालदांडी ज्वारीचा कडबा पुढं टाकला तरी तोंड लावेना. त्याला बघून मला जास्त व्हायचं.

त्याच वर्षी माझे चुलते वारले, ज्यांनी मला नांगर धरायला शिकवलं. त्यांच्या मातीला अख्खं गाव होतं. पाखऱ्याच्या मातीला मी, पोरगा आणि जेसीबीवाला. चुलत्यांचं दुःख गावानं वाटून घेतलं, महिनाभर कुणी ना कुणी ओट्यावर येऊन बसायचं. बैलाचं सगळं माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं. कमी-जास्त वाटतं ते यामुळंच, असं माझं मत आहे.

रोहिणी, जुळे सोलापूर

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनानं गेला. आम्हाला त्याचं तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही, लांबून हात जोडले. वर मंगळवेढेकरांनी लिहिलंय की माणसाचं दुःख गाव वाटून घेतं. आमच्याकडं दार वाजवायलाही कुणी आलं नाही, येऊ शकत नव्हतं. त्यामुळं कुणी म्हटलं की मला माणसापेक्षा कुत्र्याचं जास्त वाटलं, की पोटात कालवतं. तुमचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते सांगताना दुसऱ्या कुणाच्या मरणाशेजारी ठेवून कशाला सांगायचं? तुमच्या आईंना त्यात फक्त नवरा कमी ठरल्याचं ऐकू येतंय. त्यांच्याशेजारी बसा आणि तुलना न करता दोघांबद्दल बोला. दोघं एकाच घरात राहत होते ना?

मनोमित्र

मी समुपदेशनाचं काम करतो. तुमच्यात काही बिघडलेलं नाही, हे आधी सांगतो.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 साली अशा दुःखावर लिहिलं, ज्याला समाज दुःख मानतच नाही. सुट्टी मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, उघडपणे रडायची सोय नसते. पाळीव प्राण्याचं मरण त्यात येतं. दुःख नाकारलं गेलं की ते आत दबून बसतं. शिवाय प्राण्यांबद्दलचा कळवळा अनेकांत असतो. अमेरिकेतच विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना मारहाणीची रचलेली बातमी वाचायला दिली होती. कुणाच्या बातमीत मार खाणारं वर्षाचं बाळ, कुणाच्या तिशीतला माणूस, कुणाच्या कुत्र्याचं पिल्लू, कुणाच्या मोठं कुत्रं. सगळ्यात कमी सहानुभूती तिशीतल्या माणसाला मिळाली. जो स्वतःचं बघू शकत नाही, त्याच्यासाठी आपला जीव जास्त तुटतो.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक वाटतं. वडिलांसाठी जे रडणं राहून गेलं, तेच आता सोन्याच्या निमित्तानं बाहेर पडतंय. आईंना हे सांगितलंत तर त्यांनाही बरं वाटेल. जेवण आणि झोप अशीच बिघडलेली राहिली, तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पूर्वभागकर, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मनोमित्र, नंबर लिहून ठेवलाय. पण तुमची शेवटची गोष्ट मला पटत नाही, आणि आईला बरं वाटावं म्हणून ती सांगणारही नाही. वडिलांचा निरोप आम्ही दोघांनी त्यांच्या खाटेवर रोज थोडा थोडा घेतला होता. ते गेले तेव्हा मी आतून रिकामा होतो, दगड नव्हतो. सोन्यासाठी येतंय ते सोन्याचंच. त्याच्या वाट्याला ना दहावा आला ना तेरावा, आता माझं रडणंही वडिलांच्या खात्यावर टाकलं तर त्याचं म्हणून काय राहिलं? त्या अभ्यासातलं कुत्रं तर कागदावरचं होतं. मला सगळ्या कुत्र्यांचा कळवळा आलेला नाही. माझ्या मागाजवळ उभा राहणारा एक होता, तो नाही.

रोहिणीताई, तुमच्या भावाचं वाचून गलबललं. तुमचं ऐकलं. काल रात्री आईजवळ बसलो आणि फक्त सोन्याबद्दल बोलायला लागलो. वडिलांचा उजवा हात चालायचा, तो ते खाटेखाली सोडून ठेवायचे आणि सोन्या त्या हाताखाली पाठ आणून बसायचा. हे मला माहीतच नव्हतं, मी मागाच्या खोलीत असायचो. आईनं सांगितलं. मग ती म्हणाली, "तू कुत्र्यासाठी रडलास याचं नाही वाईट वाटलं. तेव्हा मला एकटीला रडावं लागलं रे." इतके दिवस मी तिचं बोलणं टोमणा समजून मनाला लावून घेतलं होतं. ती माझी सोबत मागत होती. मग बराच वेळ आम्ही दोघं रडलो. कोण कुणासाठी, ते विचारू नका.

आज दोन माग चालू केलेत. आई म्हणते दुसरं पिल्लू आण. मी नको म्हटलंय, निदान एवढ्यात तरी नको.

मंगळवेढेकर, हौशाचं पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. खायला लागला का? दुसऱ्या बैलाशेजारी जुंपून घेतो का? जमलं तर सांगा, काल रात्रीपासून तोच डोक्यात आहे.