मदत हवी आहे: फ्लूच्या लशी थोड्या, नावे फार, आधी कोणाला द्याव्यात?

वाड्यावरचा: नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या देवस्थान मंडळाला एका दात्याने फ्लूचे ६० डोस दिले असून नोंदणी मात्र २०० च्या वर गेली आहे. वर्गणीदार कुटुंबांना आधी द्यावे, की नोंदणीच्या क्रमाने, या वादातच बैठका संपत आहेत. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे आणि लशीचा गुण यायला पंधरवडा लागतो, तेव्हा कृपया नेमके सांगा, उपदेश नको.

कुळागर: नेमके सांगायला माहितीही नेमकी हवी. वये काय, गर्भवती किती, दमेकरी व मधुमेही किती, टोचणार कोण आणि डोस ठेवले आहेत कुठे, यातले आपण काहीच लिहिलेले नाही.

बांबोळीची परिचारिका: जागतिक आरोग्य संघटना आरोग्य कर्मचारी, गर्भवती, वृद्ध आणि जुनाट आजार असलेले यांना अग्रक्रम देते. त्यांतही मी गर्भवतींना पुढे घेईन, कारण सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही आणि आईकडून आलेली प्रतिपिंडेच त्याला सांभाळतात. शिवाय नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल, तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे ६० डोस म्हणजे ६० माणसे, असा हिशेब धरू नका.

तर्कट: असहमत. वृद्धांच्या शरीरात लशीचा प्रतिसाद मुळातच कमी असतो. जपानने अनेक वर्षे शाळकरी मुलांना ही लस दिली. त्या काळात वृद्धांचे मृत्यू घटले आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम बंद झाल्यावर पुन्हा वाढले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. आजार घरी आणणाऱ्यालाच टोचा.

बांबोळीची परिचारिका: जपानमध्ये शाळाच्या शाळा टोचल्या जात होत्या, अहो! ६० डोसांनी गावातली साखळी तुटत नाही. डोस इतके थोडे असताना, आजार झाला तर जीवावर बेतेल अशाच माणसाला ते द्यावेत.

पेडणेवासी: विषाणू बदलत राहत असल्याने ही लस दरवर्षी घ्यावी लागते. उत्तर गोलार्धासाठीचे घटक फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठीचे सप्टेंबरमध्ये ठरतात.

कुळागर: हे कोणी विचारले नव्हते, पण त्या निमित्ताने खोक्यावरचा हंगाम आणि मुदत वाचून घ्या. दानात कधी कधी गेल्या हंगामाचा उरलेला मालही येतो.

वाड्यावरचा: हंगाम चालू वर्षाचा आहे, मुदतही आहे. साठीपुढचे ८० च्या आसपास, गर्भवती ७, आशा सेविका २, बाकी मुले आणि धडधाकट मंडळी. टोचायला आरोग्य केंद्राचे डॉक्टर येणार आहेत. नोंदणी व्हॉट्सॲप गटावर घेतली. डोस खजिनदारांच्या घरच्या फ्रीजमध्ये आहेत. आता तरी क्रम सांगा.

बांबोळीची परिचारिका: क्रम नंतर, आधी डोस आरोग्य केंद्रात हलवा. या लशीला २ ते ८ अंश तापमान लागते. पावसात वीज किती वेळा जाते हे आपल्याला ठाऊकच आहे, आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून एखादा डोस गोठला, तर तो टाकूनच द्यावा लागतो. मग आशा सेविका व गर्भवती मिळून ९. उरलेले ५१ साठीपुढच्यांपैकी हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे आजार किंवा मधुमेह असलेल्यांना. त्यांतही समसमान उरतील त्यांच्या चिठ्ठ्या टाका.

कुळागर: व्हॉट्सॲपवर नोंदणी म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका यादीतून आधीच बाहेर, आशा सेविकांना विचारून ती नावे घाला. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेला फ्लूची लस पुरवणाऱ्या इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या कारखान्याचा परवाना स्थगित झाला आणि अमेरिकेचा जवळपास निम्मा साठा गेला, तेव्हा वृद्ध माणसे तासन्‌तास रांगेत उभी होती. आधी येईल त्याला आधी, या नियमात तगड्या माणसाचा नंबर लागतो.

तर्कट: तरीही नातवंडांना मोकळे सोडून आजीला टोचणे मला पटत नाही.

वाड्यावरचा: डोस आज दुपारीच केंद्रात पोहोचवतो. पण वर्गणीदारांना काय तोंड दाखवू, ते कोणीच सांगितले नाही.

कुळागर: दात्याने तशी अट घातली होती का?

वाड्यावरचा: अट नव्हती.

कुळागर: मग निकष, कुणाचेही नाव न लिहिता, आजच देवळाच्या फलकावर लावा आणि यादी डॉक्टरांकडून करून घ्या. कोणाला कोणता आजार आहे, हे कार्यकारिणीला कळण्याचे कारणही नाही.